डिझेल इंजिन नेमकं कुणाचं चांगलं? (तासगाव, बजेट १५ लाखांपर्यंत) मदत हवी आहे

बेदाणेवाला

नमस्कार मंडळी. आमची २०१२ ची स्विफ्ट डिझेल २ लाख ६० हजार किलोमीटरला आली. इंजिन अजून एकदाही उघडलेलं नाही. दोनदा क्लच प्लेट, एकदा टर्बो, एवढाच खर्च. पण आता दारं खडखडतात, एसी दमलाय, आणि पाहुण्यांकडे जाताना मंडळी "लांब लावा जरा" म्हणतात.

नवी घ्यायची तर डिझेलच, यावर घरात एकमत आहे. कुणाची, यावर मात्र भांडणं. तात्या म्हणतात, जगात इंजिन एकच कंपनी बनवते, टोयोटा, बाकीचे डबे बनवतात. चुलतभाऊ महिंद्रावाला. पोरगा मोबाईलवर व्हिडिओ बघून ह्युंदाई म्हणतोय. आमच्या इथला वडापवाला म्हणतो, जुनी क्रूझर घ्या आणि विसरून जा.

तर जाणकारांनी सांगावं, डिझेल इंजिनात खरा बाप कोण? टिकाऊपणा पहिला, अॅव्हरेज दुसरं, पिकअप तिसरा.

रांजणगावचा राघू

पहिल्यांदा एक गैरसमज दूर करतो. तुमच्या स्विफ्टमध्ये अडीच लाख किमी न उघडलेलं जे इंजिन आहे, त्याच्यावर नाव मारुतीचं असलं तरी रक्त फियाटचं आहे. १२४८ सीसीचं मल्टिजेट. युरोपात २००३ मध्ये आलं, २००५ मध्ये त्याच्या आकाराच्या इंजिनांच्या गटात 'इंजिन ऑफ द इयर' ठरलं. आपल्याकडे मारुतीने त्याला डीडीआयएस म्हटलं, टाटाने क्वाड्राजेट. स्विफ्ट, डिझायर, रिट्झ, अर्टिगा, ब्रेझा, पुंटो, लिनिया, व्हिस्टा, मांझा... यादी करायला बसलो तर चहा गार होईल. लोक त्याला गमतीने राष्ट्रीय इंजिन म्हणायचे. मारुतीने मानेसरला परवान्यावर बनवलं, फियाटने आमच्या रांजणगावला. मागणी इतकी वाढली की २०१२ मध्ये मारुतीने वर्षाला एक लाख इंजिनं फियाटकडून घ्यायचा करार केला. म्हणजे एकाच रांगेतून निघालेलं इंजिन स्पर्धकांच्या गाड्यांत बसायचं आणि त्यांचे मालक टपरीवर "माझं भारी की तुझं" म्हणून भांडायचे.

कारमधलं कॉमन रेल, म्हणजे एकाच नळीतून सगळ्या सिलिंडरांना जोराच्या दाबाने डिझेल पुरवायचं प्रकरण, तेही फियाटच्याच घरचं. पुढे ते बॉशकडे गेलं आणि १९९७ मध्ये पहिल्यांदा विकायच्या कारमध्ये आलं ते अल्फा रोमिओ १५६ मध्ये.

आजही तेच चालू आहे. हॅरियर, सफारी, जीप कंपास यांच्यात १९५६ सीसीचं फियाटचंच इंजिन. म्हणून "कुठली कंपनी" हा प्रश्न थोडा बाजूला ठेवा, "कुठलं इंजिन" असं विचारा.

टर्बोलॅग

राघूशेठ, फियाटप्रेम समजू शकतो, पण फोक्सवॅगनच्या टीडीआय इंजिनाला विसरलात. हायवेला १४० वर गाणं म्हणणारं डिझेल हवं तर फोक्सवॅगन.

रांजणगावचा राघू

गाणं म्हणायचं खरं, पण चाचणीच्या वेळी वेगळं आणि रस्त्यावर वेगळं. सप्टेंबर २०१५ आठवा. जगभरात १ कोटी १० लाख गाड्यांत प्रदूषण चाचणीला फसवणारं सॉफ्टवेअर. आपल्याकडेही सव्वातीन लाखांच्या आसपास गाड्या परत बोलावायला लागल्या. असो. धागाकर्त्याला उपयोग शून्य, कारण एप्रिल २०२० ला बीएस-६ हा प्रदूषणाचा कडक नियम आला तेव्हा फोक्सवॅगन-स्कोडा, रेनो, निसान आणि खुद्द मारुती, सगळ्यांनी डिझेलचं दुकान बंद केलं. माझं लाडकं १२४८ सुद्धा तेव्हाच गेलं.

फिटर कोल्हापूरचा

सगळे इंजिनाचं कूळ सांगायला लागलेत, गाडी चालणार कुठं ते कुणीच विचारलं नाही. बेदाणेवाले, रोजचं रनिंग सांगा. किती किमी, एका दमात किती, आणि महिन्यात हायवेला किती वेळा?

बेदाणेवाला

रोज घर ते बाग ६ किमी, दिवसातून तीन-चार फेऱ्या. रस्ता म्हणजे मातीचा, दुसऱ्या-तिसऱ्या गिअरचा. महिन्यातून तीन वेळा पुणे, जाऊन-येऊन साडेचारशे. हंगामात वाशी मार्केटला एखादी फेरी.

फिटर कोल्हापूरचा

झालं तर. माझ्या शेडमध्ये महिन्याला दोन-तीन गाड्या येतात त्या अशाच.

बीएस-६ डिझेलच्या सायलेन्सरच्या वाटेवर डीपीएफ नावाची जाळी असते. काजळी तिथं अडकते. जाळी भरत आली की गाडी आपोआप ती जाळते, त्याला रीजन म्हणतात. त्यासाठी धुराचं तापमान ६०० अंशांच्या आसपास जावं लागतं आणि गाडी पंधरा-वीस मिनिटं सलग पळती लागते. तुमची बागेची फेरी दहा-बारा मिनिटांची. इंजिन तापतंय तोवर तुम्ही किल्ली काढणार. रीजन अर्धवट. दुसऱ्या फेरीला पुन्हा सुरू, पुन्हा अर्धवट.

त्यात आणखी एक गोम आहे. तापमान वाढवायला गाडी जादा डिझेल सोडते. रीजन सारखं तुटलं की त्यातलं थोडं डिझेल पिस्टनच्या कडेने खाली ऑइलमध्ये उतरतं. ऑइल पातळ होतं आणि डिपस्टिकवर पातळी *वाढलेली* दिसते. लोक खूश होतात, "बघा, इंजिन ऑइल खातच नाही!" इथून टर्बो आणि बेअरिंग जायला सुरुवात.

गेल्या वर्षी एका डॉक्टरांची गाडी आली होती. घर ते दवाखाना अडीच किमी. कंपनीचं नाव घेत नाही, कारण दोष कंपनीचा नव्हताच. १८ हजार किमीला जाळी ठप्प. त्या गाडीचं इंजिन तसं नावाजलेलं.

तुमची जुनी स्विफ्ट टिकली ती फियाटमुळे, कबूल. पण तिला ही जाळीच नाही हेही तेवढंच कारण आहे.

टर्बोलॅग

म्हणजे पेट्रोल घ्या असं सांगताय?

हिशेबी

थांबा, हिशेब करू. महिना साधारण १३५० पुण्याचे, हजारेक बागेचे आणि किरकोळ. वर्षाला २८ हजार धरा. पेट्रोल १०४ रुपये आणि १४ चं अॅव्हरेज धरलं तर किमीला ७.४०. डिझेल ९१ आणि १९ चं अॅव्हरेज धरलं तर ४.८०. किमीमागे २.६० वाचतात. त्याच गाडीचं डिझेल मॉडेल दीड लाखाच्या आत-बाहेर महाग असतं, वर आपल्या राज्यात आरटीओचा कर डिझेलला दोन टक्के जास्त. १ लाख ६० हजार धरले तरी ६१-६२ हजार किमीला पैसे वसूल, म्हणजे सव्वादोन वर्षं. यांना डिझेल परवडतं. वर्षाला ८-१० हजार चालवून "डिझेलच पाहिजे" म्हणणारे आमचे शेजारी यात बसत नाहीत.

क्रिस्टाप्रेमी सातारकर

तात्यांच्या बाजूने कुणीतरी बोला की. नवी क्रिस्टा १५ लाखांत बसत नाही, पण २०१८-१९ ची बीएस-४, म्हणजे आधीच्या नियमातली, घ्या. २३९३ सीसी, १५० पीएस, खंबाटकी तिसऱ्या-चौथ्यात हसत चढते. एअरपोर्टच्या टॅक्सीवाल्यांना विचारा, तीन-चार लाख किमी म्हणजे त्यांच्या लेखी मधलं वय.

रांजणगावचा राघू

क्रिस्टा भारीच, वाद नाही. फक्त तात्यांचं "एकच कंपनी" पटत नाही. याच घराण्यातली २.४ आणि २.८ डिझेल इंजिनं ऑस्ट्रेलियात डीपीएफसाठी कोर्टात गेली. २०१५ ते २०२० मधल्या अडीच लाखांहून जास्त गाड्या, आणि २०२२ मध्ये निकाल टोयोटाच्या विरोधात लागला. इंजिन मजबूत, पण जाळीची व्यवस्था कमी पडली. फिटरसाहेब म्हणतात तेच.

फिटर कोल्हापूरचा

मी सांगतो तसं करा. स्विफ्ट विकू नका. आज तिचे येऊन येऊन किती येणार? बागेच्या फेऱ्या तिच्यावर. पंधरा वर्षं भरली की आरटीओत फिटनेस करून, पर्यावरण कर भरून पाच वर्षं वाढवून मिळतात. नवी गाडी फक्त पुणे, वाशी आणि पाहुण्यांसाठी. असं वापरलं तर आज बाजारात असलेलं कुठलंही १.५ डिझेल तुम्हाला दगा देणार नाही. जाळीला चालणारं, कमी राखेचं ऑइलच घाला, वीस रुपये वाचवायला दुसरं नको. आणि गाडी लावल्यावर पंखा जोरात फिरतोय, आयडलिंग वाढलंय असं दिसलं तर किल्ली काढू नका, दहा मिनिटं अजून फिरवून आणा.

तीन ठिकाणी जाऊन चालवून बघा. महिंद्राची थ्रीएक्सओ, ११७ पीएस पण टॉर्क (ओढायची ताकद) ३००, चढाला गिअर टाकायचा आळस असलेल्यांसाठी. ह्युंदाईचं १४९३ सीसी, टॉर्क २५०, तिघांत शांत. टाटा नेक्सॉन, २६०, मधली. माझा स्वतःचा कल महिंद्राकडे. २००८ मध्ये ऑस्ट्रियाच्या एव्हीएल कंपनीच्या मदतीने त्यांनी एमहॉक इंजिन काढलं तेव्हापासून डिझेलवर त्यांनी सोडून न देता काम केलंय, आणि आपल्या भागात त्यांचा पार्ट रात्री आठलाही मिळतो. टिकाऊपणात हेही धरायचं असतं.

बेदाणेवाला

सगळ्यांचे आभार. दोन गाड्या ठेवायच्या ही गोष्ट डोक्यातच आली नव्हती. काल तिन्ही चालवल्या. तात्यांना बरोबर नेलं होतं. ह्युंदाईत बसून म्हणाले, "चालू आहे का ही?" तेवढ्यावर पोरगा जिंकल्यासारखा हसला. पण परतताना मणेराजुरीच्या चढाला थ्रीएक्सओ चौथ्यातून खाली न आणता गेली आणि तात्या गप्प झाले. बहुतेक तीच घेतोय.

अजून एक शंका, हसू नका. चुलतभावाच्या स्कॉर्पिओ-एनला डीईएफ, म्हणजे धूर साफ करायचं पाणी, घालावं लागतं. तो म्हणाला युरियाच असतो पाण्यातला. तात्या विचारतायत, आपल्या शेडमध्ये पोती पडलीत, तीच कालवून घातली तर?

फिटर कोल्हापूरचा

नाही, नाही, नाही! डीईएफमध्ये साडेबत्तीस टक्के शुद्ध युरिया आणि क्षार काढलेलं पाणी असतं. शेतातल्या युरियाला कडुलिंबाचं तेल चोळलेलं असतं आणि आपलं बोअरचं पाणी तुम्हाला माहितीच आहे. नोजल आणि कॅटलिस्ट दोन्ही जातील. कंपनीचा सीलबंद कॅनच आणायचा. तुम्ही घेताय त्या गाडीला लागतं का, ते आधी शोरूममध्ये विचारून घ्या.

बेदाणेवाला

सांगितलं तात्यांना. आता विचारतायत, त्या कॅनवर सबसिडी किती?