आरशातलं भूत प्रेक्षक आधीच ओळखतो. प्रसंग ठेवू की काढू?

कातरवेळ: १२ मिनिटांचा भयपट लिहितोय. नायिका आरशाचं कपाट उघडते, गोळी काढते, दार लावते आणि आरशात मागे भूत. हजारदा येऊन गेलंय हे. काढून टाकू का?

फटफटी: काढू नका. दार उघडलं रे उघडलं की प्रेक्षक ते लागायची वाट बघतो. ती वाट बघणंच तुमच्या कामाचं आहे. दार लागू दे, आरसा रिकामा. शॉट अजून ३-४ सेकंद तसाच धरा. तिच्या मागचं खोलीचं उघडं दार आता आरशात बंद दिसतंय, बस्स. क्लोजअप नको, संगीत नको. मात्र ते दार उघडं असल्याचं आधी नीट दाखवा, निदान २ सेकंद. नाहीतर फरक कुणाच्या लक्षातही येणार नाही.

खर्ज: दचकवायचंच असेल तर आवाजाकडे बघा. आधीचे ८-१० सेकंद पंख्याची घरघर, नळाची टिपटिप हळूहळू खाली आणा, पण शून्यावर नको. एकदम शांतता झाली की प्रेक्षक सावध होतो (किंवा स्पीकर गेला असं समजतो). मोठ्या आवाजाचा दणका भुतावर कट होतो त्याच फ्रेमवर हवा (सेकंदाला २४ फ्रेम, म्हणजे २४ चित्रं); ४-५ फ्रेम उशीर झाला की लोक हसतात. भुताचा चेहरा साधारण १२-१८ फ्रेम, म्हणजे अर्धा-पाऊण सेकंद. जास्त ठेवलात तर मेकअप दिसतो.

खोटा दचका एकदाच. १९४२ च्या 'कॅट पीपल' या भयपटात श्वापदाची चाहूल लागते आणि फिस्सकन येते ती बस! निर्माता व्हॅल ल्यूटनवरून या युक्तीला 'ल्यूटन बस' म्हणतात.

उंबरठा: भुताला काय जमतं आणि काय नाही, ते आधी एका ओळीत लिहून काढा. भिंतीतून आरपार जाणारं भूत दाराची कडी कशाला खडखडवेल? हा नियम पहिल्या ४ मिनिटांत दिसायला हवा, तोही कुणी समजावून न सांगता.

कातरवेळ: भुताची चाल विचित्र हवी आहे, पण ग्राफिक्सला पैसे नाहीत. आणि मोबाईलचं काय करू?

फटफटी: 'रिंगू' या जपानी भयपटात (१९९८) सदाको या भुताच्या चालीसाठी अभिनेत्रीला उलटं चालवलं आणि चित्रण उलटं फिरवलं. तुम्हीही करा. फक्त फ्रेममध्ये धूर किंवा ठिबकणारं पाणी नको. थेंब वर चढताना दिसला की बिंग फुटलंच.

उंबरठा: 'रेंज नाही' आता शिळं झालं. फोन लागू दे. पोलीस येऊ देत, खोल्या बघून जाऊ देत. त्यांना काहीच सापडत नाही. जाताना त्यातला एक विचारतो, "आत झोपलेल्या आजींना उठवलं नाही, चालेल ना?"