प्रभूला विचारलं, पण उत्तर कसं कळलं? आपापले अनुभव सांगा

सांगलीचा दिवाणजी

सलाम मंडळी. मी सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या अडतीवर हिशेब बघतो, सतरा वर्षं झाली. आता पुण्याच्या एका मसाला कंपनीतून बोलावणं आलंय. पगार जवळजवळ दीडपट. पोरगी आठवीत, बायको तयार आहे. आई आमच्याजवळच असते, गुडघ्यांनी बेजार. मागच्या बुधवारी घरगुती प्रार्थनेनंतर चर्चच्या पाळकसाहेबांच्या कानावर घातलं, तर कप खाली ठेवत त्यांनी एवढंच विचारलं, "प्रभूला विचारलंस का?"

मी हो म्हणालो. खोटं नाही, रोज रात्री विचारतो. पण विचारतो म्हणजे काय करतो? गुडघे टेकतो, "तुझ्या इच्छेप्रमाणे होवो" म्हणतो, आणि मग अंथरुणात पडून पुण्याच्या घरभाड्याची आकडेमोड करत बसतो.

बायबलमधलं नीतिसूत्रे 3:5-6 शब्बाथशाळेत पाठ केलेलं आहे. आपल्याच बुद्धीवर अवलंबून राहू नकोस. अहो, पण याच बुद्धीवर सतरा वर्षं दुसऱ्यांच्या खतावण्या जुळवल्या, ती आता नेमकी कुठं काढून ठेवायची? म्हणून हा धागा. वचनं नुसती पाठवू नका, ती आहेत माझ्याकडे. तुम्ही कशासाठी विचारलं, उत्तर आलं असं कशावरून वाटलं, पुढं काय झालं, ते सांगा. फसलात तर तेही सांगा. चर्चमध्ये साक्षीला उभं राहिलं की आपल्याला नेमकं तेवढंच आठवत नाही.

तासगावचा बेदाणा

फसलेल्यांचा नंबर पहिला. आमच्यात आज्जीची वचनांची डबी होती. ज्यांनी बघितली नसंल त्यांच्यासाठी सांगतो, काड्यापेटीपेक्षा जरा मोठी डबी, आत कागदाच्या बारक्या सुरळ्या उभ्या खोचलेल्या, आणि उचलायला एक चिमटा. रोज सकाळी एक सुरळी काढायची, वाचायची, परत गुंडाळून ठेवायची.

त्या साली बाग लई झ्याक आली होती. व्यापारी बांधावर येऊन दर बोलून गेला. दर वाईट नव्हता, पण शेजारच्याला दोन रुपये जास्त मिळाले होते. मी डबीतनं सुरळी काढली तर स्तोत्र पहिलं, ते झाड "आपल्या हंगामी फळ देते". म्हटलं झालं, प्रभू सांगतोय थांब. थांबलो. आठव्या दिवशी अवकाळी आला. सकाळी बागेत गेलो तर मण्यांना तडे गेलेले, घडातनं रस गळतोय, माश्या घोंगावतायत. तडकलेल्या मण्याचा धड बेदाणाही होत नाही.

आज्जीवर चिडलो. तर ती म्हणाली, "डबी म्हणजे काय पंचांग वाटलं काय रं तुला? ती दिवसभर आठवायला असते. दर विचारायला न्हाई." डबी अजून आहे. चिमटा हरवलाय.

मिरजेची सिस्टर

दिवाणजी, माझं जरा लांबेल.

माझं ट्रेनिंग मिरजेतलं, मिशनरी डॉक्टर वानलेससाहेबांनी 1894 साली उभारलेल्या मिशन हॉस्पिटलमधलं. 1993 साली आखातात नोकरी चालून आली. मी चोवीस वर्षांची. तीन आठवड्यांत पासपोर्ट हातात, मुंबईला मुलाखत झाली आणि त्याच दिवशी होकार. घरात, मंडळीत, जो तो एकच म्हणायचा: बघ, प्रभू एकेक दार उघडतोय. मलाही पटलं. न पटायला काय झालं होतं?

एकट्या आमच्या मेट्रन काही बोलल्या नव्हत्या. नाइट ड्युटीला स्टरलायझरमधून चिमट्यानं सिरिंजा काढून ट्रेमध्ये मांडत होत्या. माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "तुला तिकडं जायचंय, का इथून पळायचंय?" मी हसले. घरी तेव्हा माझं एक स्थळ जवळजवळ पक्कं करत आणलं होतं आणि ते मला नको होतं. हे मेट्रनना कुणी सांगितलं, ते आजतागायत मला कळलेलं नाही.

करारात वॉर्ड लिहिला होता. तिथं गेल्यावर एका घरात म्हाताऱ्या बाईजवळ ठेवलं. पासपोर्ट मालकाच्या कपाटात. म्हातारीचं न्हाऊमाखू, औषधं, रात्री चार-पाच वेळा उठवून कूस बदलायची. माणूस म्हणून बाई वाईट नव्हती. तिच्या नमाजाच्या वेळेला मी भिंतीशी उभी राहायची आणि मनातल्या मनात आपलं म्हणायची. पण दोन वर्षं मी एकदाही एकटी रस्त्यावर चालले नाही.

त्या पैशांत भावाचा डिप्लोमा झाला, मिरजेच्या घरावर स्लॅब पडला. त्यामुळं घरचे अजून म्हणतात, प्रभूनंच पाठवलं होतं. असेलही. स्लॅब दिसतो, माझी दोन वर्षं दिसत नाहीत. दार उघडलं म्हणून आत जायचंच असतं, हे मात्र तेव्हापासून माझ्या मनातून गेलं. पुढं लग्न, बदली, रिटायरमेंट, प्रत्येक वेळी आधी मेट्रनचा प्रश्न स्वतःला विचारला आणि मगच गुडघे टेकले.

सांगलीचा दिवाणजी

सिस्टर, हे दोनदा वाचलं. अडतीवरच्या मालकाशी माझं वर्षभर जमत नाहीये, हे मी वर लिहिलं नव्हतं.

अजिंक्यताऱ्याखाली

आम्ही सातारकर, टिळकांची आठवण काढल्याशिवाय आम्हाला राहवत नाही. रेव्हरंड नारायण वामन टिळक शेवटच्या काळात इथंच होते, 'देवाचा दरबार' हा ख्रिस्तभक्तांचा मेळा त्यांनी 1917 साली इथंच सुरू केला. 1893 साली आगगाडीत एका अनोळखी गोऱ्या गृहस्थानं त्यांच्या हातात नवा करार ठेवला, ही गोष्ट आपण नेहमी ऐकतो, आणि गाडीत उत्तर मिळालं असं समजून मोकळे होतो. बाप्तिस्मा कधी झाला? फेब्रुवारी 1895 मध्ये. मधला सगळा काळ माणूस वाचत होता, पत्रं लिहीत होता, घाबरत होता. त्याच्यावर प्रवचन कुणी करत नाही.

दुसरं. लक्ष्मीबाईंना त्या बाप्तिस्म्यानं काय काय सोसावं लागलं तेही लक्षात ठेवा. नवरा-बायकोची काही वर्षं ताटातूट झाली. त्या स्वतः प्रभूकडे आल्या त्या पाचेक वर्षांनी, स्वतःच्या विचारानं. एकाला मिळालेलं मार्गदर्शन त्याच वेळी घरातल्या दुसऱ्यालाही मिळतं असं नाही.

माजी, तरुण संघ

वरच्या शेवटच्या वाक्याला दहा वेळा आमेन. कॅम्पमधल्या एका पुढाऱ्यानं मला गाठून सांगितलं, "प्रभूनं मला स्वप्नात तुझा चेहरा दाखवला, तू माझी पत्नी होणार आहेस." मी एकोणीस वर्षांची. नाही म्हणायचं तर प्रभूलाच नाही म्हटल्यासारखं. तीन महिने जेवण गेलं नाही. शेवटी आईला सांगितलं. ती भाकरी थापत होती, थांबलीही नाही. "त्याला म्हणावं, प्रभूला आमच्या घराचा पत्ता म्हाईत हाय."

पाचगणीची शिक्षिका

आम्ही कॅथलिक. आमच्या फादरनी मला इग्नेशियस लोयोला यांची रीत शिकवली, ती सांगते. इग्नेशियस सैनिक होते. 1521 साली पाम्प्लोनाच्या लढाईत तोफगोळ्यानं पाय मोडला आणि महिनोन् महिने पडून राहावं लागलं. पडल्या पडल्या दोन प्रकारची स्वप्नं रंगवायचे. एक दरबारातल्या मानमरातबाची, दुसरी संतांसारखं जगण्याची. रंगवताना दोन्ही गोड लागायची. पण पहिली संपली की मन कोरडं पडायचं, दुसरी संपल्यावरही आनंद मागं रेंगाळायचा. त्यांनी या मागं उरणाऱ्या चवीकडं लक्ष द्यायला सुरुवात केली.

मी ते वहीत करून बघितलं. बोर्डिंगची नोकरी सोडावी का, असा प्रश्न होता. एक आठवडा सोडली असं धरून जगायचं, एक आठवडा राहिले असं धरून, आणि रोज रात्री दोन ओळी लिहायच्या. सोडलेल्या आठवड्यात पहिले तीन दिवस मी हवेत होते. चौथ्या दिवशी लिहिलंय, "पोरींच्या खोल्यांतले दिवे कोण बघेल?" राहिले.

त्यांचा आणखी एक नियम फार उपयोगी आहे. मन उदास, अंधारलेलं असताना आधी केलेला निश्चय बदलायचा नाही. पावसाळ्यातल्या पाचगणीत राहणाऱ्याला हा नियम हवाच.

इर्विनचा पूल

पूर आला की बोटीची वाट न बघता "देव वाचवील" म्हणणाऱ्या माणसाचा विनोद सगळ्यांना माहीत आहे. आमच्या घरात तो ऑगस्ट 2019 मध्ये घडला. इर्विन पुलाजवळ 45 फुटांना धोक्याची पातळी, ती कधीच मागं पडली होती. आम्ही सगळे म्हणतोय निघू या, आणि बाबा पायरीवर बायबल घेऊन बसलेले. "प्रभूवर विश्वास ठेवा."

शेवटी गल्लीतल्या पोरांनी काहिलीतून बाहेर काढलं. गूळ करायची काहील, हो. बाबा मधोमध, मांडीवर बायबल.

पाणी उतरल्यावर चिखल काढताना ते भिंतीजवळ गेले. तिथं 2005 च्या पुराची खूण होती, त्यांनीच ऑइलपेंटनं ओढलेली रेघ. नवा डाग तिच्या वर बराच गेलेला. बराच वेळ बघत उभे राहिले, मग म्हणाले, "मी प्रभूवर नाही रे, ह्या रेघेवर विश्वास ठेवून बसलो होतो."

गप्प

मी तीन वर्षं विचारतोय. उपवास केले, रात्रभर प्रार्थना केली. काही ऐकू आलं नाही. लिहिण्यासारखं नाही, तरी लिहिलं.

मिरजेची सिस्टर

गप्प, बरं केलंत लिहिलंत. काय विचारताय ते नका सांगू. तुमचं नाव प्रभूला ठाऊक आहे, आज रात्रीपासून माझ्या प्रार्थनेत 'गप्प' एवढंच घेईन.

निवृत्त पाळक, कवलापूर रस्ता

उपदेश नको म्हटलंय, तरी सवय जात नाही. एकच सांगतो. प्रेषितांची कृत्ये, सोळावा अध्याय. पौलाला आशिया प्रांतात वचन सांगायला मनाई झाली. बिथुनियाकडे वळला, तिथंही अडला. कसा अडला, आजारपण होतं, भांडण होतं, का वाटखर्च संपला होता, काही लिहिलेलं नाही. मग रात्री मासेदोनियाच्या माणसाचा दृष्टान्त. तो एकट्या पौलाला झाला. पण पुढची दहावी ओवी बघा, देवानं बोलावलंय हे अनुमान "आम्ही" केलं. म्हणजे सकाळी उठून पौल बरोबरच्यांशी बोलला असणार, ते सगळे बसले असणार.

मी चाळीस वर्षं लोकांना "प्रभूला विचारलंस का" हेच विचारत आलो. बरोबर कोण कोण बसलं होतं, हे विचारायचं राहून गेलं. दिवाणजी, तुम्ही कुणाकुणाशी बोललात?

सांगलीचा दिवाणजी

पाळकसाहेब, यादी केली. बायको, आमचे पाळक, पुण्याचा मित्र, आणि इथले तुम्ही सगळे.

काल रात्री आईला हा धागा वाचून दाखवला. तिचे डोळे आता मोबाइलवर ठरत नाहीत. बेदाण्याच्या आज्जीला हसली, काहिलीच्या जागी "अगं बाई" म्हणाली, 'गप्प'पाशी मला थांबवून मिनिटभर डोळे मिटले. शेवटपर्यंत ऐकलं आणि म्हणाली, "एवढ्या मुलखाला विचारलंस. मला कधी विचारणार होतास?"

मी म्हटलं, तुला त्रास नको म्हणून.

"सूनबाईनं महिन्यापूर्वीच सांगितलंय मला."

मग खाटेवर सरकून तिनं मला बसायला जागा केली, गुडघ्यावरचं पांघरूण सारखं केलं आणि विचारलं, "घर कितव्या मजल्यावर?"