रोज टीसीएल टाकूनही पाण्याचा नमुना अयोग्य का येतो?

प्रश्न : समिती सदस्य
नमस्कार. आमच्या गावाची लोकसंख्या साधारण चौदाशे आहे. नदीकाठच्या विहिरीचे पाणी 50,000 लिटरच्या उंच टाकीत चढवले जाते आणि सकाळी 6 ते 7 या वेळेत नळाला सोडले जाते. टाकीत रोज टीसीएल पावडर (जंतू मारणारी ब्लीचिंग पावडर) पडते आणि नोंदवहीत एकही दिवस कोरा नाही. तरीही अणुजैविक तपासणीचा अहवाल सलग दुसऱ्यांदा 'पिण्यास अयोग्य' असा आला आहे. टाकीखालच्या नळावर ओटी टेस्ट (पाण्यात क्लोरीन असला की पिवळा रंग दाखवणारी चाचणी) केली की पाणी व्यवस्थित पिवळे होते. प्रयोगशाळेचा नमुना मात्र खालच्या वस्तीतील शेवटच्या नळाचा होता. नमुना घेण्यातच चूक झाली, असे आमच्यातील काही जण म्हणतात. आता नवा नमुना पाठवावा, की खोट खरोखर आपल्याकडे आहे असे समजावे?

उत्तर 1 : निवृत्त आरोग्य सहाय्यक
नवा नमुना अवश्य पाठवा, परंतु तो पुन्हा त्याच शेवटच्या नळाचा असू द्या. टाकीखाली क्लोरीन मिळतो, यावरून टाकीत क्लोरीन आहे एवढेच कळते. लोक पाणी पितात ते नळाचे. आयएस 10500 या पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकानुसार मुक्त अवशिष्ट क्लोरीन, म्हणजे पाण्यात शिल्लक राहिलेला क्लोरीन, लिटरला किमान 0.2 मिलिग्रॅम हवा आणि 100 मिलिलिटर पाण्यात ई-कोलाय हे विष्ठेतील जंतू मुळीच आढळता कामा नयेत. गावासाठी या दोन्ही अटींची खरी परीक्षा शेवटच्या तोटीवरच होते.

आता पावडरीविषयी. ताज्या पावडरीत साधारण 33 टक्के क्लोरीन असतो आणि 1,000 लिटरला 5 ग्रॅम हे प्रमाण त्या हिशेबाने धरलेले आहे, म्हणजे आपल्या टाकीला 250 ग्रॅम. परंतु पंपघरात तोंड उघडे ठेवलेल्या, दमट पोत्यातील पावडर 20 टक्क्यांवर उतरली असेल, तर तेवढ्याच कामाला 400 ग्रॅमहून अधिक लागते, आणि नोंदवहीत मात्र 250 च लिहिले जाते. पावडरीचा नमुना प्रयोगशाळेत देऊन क्लोरीनचे प्रमाण काढून घ्या.

दुसरे म्हणजे ती टाकली कशी जाते, हे स्वतः टाकीवर चढून पाहा. अनेक गावांत मी कोरडी पावडर वरून भिरकावलेली पाहिली आहे. तिच्या गुठळ्या तळाशी जातात आणि चुन्याचा थर साचत राहतो. बादलीत कालवून, चुना खाली बसू देऊन, वरची निवळी तेवढी टाकीत ओतावी आणि त्यानंतर किमान 30 मिनिटे पाणी सोडू नये. पावणेसहाला पावडर आणि सहाला पाणी, असा क्रम असेल तर जंतू मरायला वेळच मिळत नाही.

उत्तर 2 : शेजारच्या तालुक्यातून
एवढ्या खोलात न जाता मात्रा दुप्पट करा. आमच्याकडे पावसाळ्यात तसेच करतात.

उत्तर 3 : जलसुरक्षक
दुप्पट मात्रेचा अनुभव आम्ही घेतला आहे. टाकीजवळच्या आळीत पाण्याला इतका उग्र वास येऊ लागला की बायकांनी नळाचे पाणी भांडी घासायला ठेवले आणि पिण्यासाठी जुन्या आडावर जायला सुरुवात केली. त्या आडात टीसीएल कधीच पडत नव्हती. शिवाय, शेवटच्या नळावर फरक काहीच पडला नाही.

आमचा दोष पाइपात निघाला. पाणी दिवसातून तासभरच येते, त्यामुळे उरलेला वेळ पाइप रिकामा असतो. त्यातच कोणी नळाला थेट मोटर लावली की पाइपात ओढ निर्माण होते आणि जिथे सांधा ढिला असेल तिथून गटाराचे पाणी आत येते. आमच्या व्हॉल्व्हच्या खड्ड्यात तर घोट्याएवढे हिरवे पाणी कायम साचलेले असे, व्हॉल्व्ह त्यातच बुडालेला. खड्डा कोरडा करून सांधे बदलल्यावर मात्रा न वाढवता शेवटच्या नळावर पिवळा रंग येऊ लागला.

नमुन्यावर शंका असेल तर तेही पडताळून पाहता येते. बाटली प्रयोगशाळेचीच, निर्जंतुक हवी. तिच्यातील थायोसल्फेट क्लोरीन निष्प्रभ करण्यासाठी असते, ते धुऊन टाकू नये. तोटी ज्योतीने तापवून, पाणी थोडा वेळ वाहू देऊन मगच बाटली भरावी, बर्फात ठेवावी आणि 24 तासांच्या आत पोहोचवावी.

उत्तर 4 : निवृत्त आरोग्य सहाय्यक
एक पुरवणी. टीसीएलने जंतू मरतात, नायट्रेट किंवा फ्लोराइड कमी होत नाही. विहिरीभोवती उसाची शेती असेल तर रासायनिक तपासणीचा अहवालही काढून पाहा. नायट्रेटची मर्यादा लिटरला 45 मिलिग्रॅम आहे.

प्रश्नकर्ता : समिती सदस्य
सर्वांचे आभार. आज पहाटे स्वतः टाकीवर गेलो होतो. पावडर कोरडीच टाकली जाते, तीही वाटीच्या अंदाजाने. पाणी सुटल्यावर पाच ठिकाणी ओटी घेतली. मारुतीच्या देवळापर्यंत रंग येतो आणि ओढा ओलांडल्यानंतरच्या पहिल्याच नळावर पाणी स्वच्छ पांढरे राहते. ओढ्याखालून गेलेला तो तुकडा उद्या उकरायला घेत आहोत. तोपर्यंत खालच्या वस्तीत पाणी उकळून पिण्याची दवंडी दिली आहे.