एपिक्युरस चैनीचा पुरस्कर्ता होता का?

प्रश्न: सुखालाच जीवनाचे ध्येय मानणाऱ्या प्राचीन ग्रीक तत्त्वज्ञ एपिक्युरसचे नाव खाण्यापिण्याच्या चैनीशी सर्रास जोडले जाते. ते कितपत योग्य आहे?

प्रतिसाद १: मुळीच नाही. इ.स.पू. ३४१ मध्ये सामोस बेटावर जन्मलेल्या या तत्त्वज्ञाने अथेन्समध्ये आपल्या बागेत जो संप्रदाय उभा केला, त्यात स्त्रियांना आणि गुलामांनाही स्थान होते, आणि जेवण अगदी साधे असे. मनात येईल तेव्हा मेजवानी करता यावी म्हणून त्याने मित्राकडे मागितले ते चीजचे एक लहान भांडे.

प्रतिसाद २: देहाला वेदना नसणे आणि मन निश्चिंत असणे, हेच त्याच्या लेखी सुख.

प्रतिसाद ३: मुतखड्याने जीव कासावीस झाला असतानाही आपला शिष्य इडोमेनिअस याला लिहिलेल्या अखेरच्या पत्रात, जुन्या संवादांच्या आठवणी या वेदनांना पुरून उरतात, असे सांगून त्याने दिवंगत मित्र मेट्रोडोरसच्या मुलांचा सांभाळ करण्याची विनंती केली. त्याला चैनी म्हणणे अन्यायाचे आहे.