‘देवावर सोपवा’ म्हणत घरातलं दुखणं झाकायचं का? (चर्चा)

कॅम्पकर
बेळगाव कॅम्प असो, खानापूर असो की निपाणी, गल्लीतल्या प्रार्थनासभेत "विनंत्या सांगा" म्हटलं की परीक्षा, ऑपरेशन आणि प्रवास एवढंच निघतं. नवऱ्याची दारू, गटाचं थकलेलं कर्ज, भावाभावांतला वाटणीचा दावा, घरातली मारहाण, या सगळ्यांना मिळून एकच शब्द: "घरची अडचण". त्यावर "देवावर सोपवा" म्हणायचं, सगळ्यांनी आमेन म्हणायचं, की चहा आलाच.

माझं मत असं की काय सोपवतोय त्याचं नाव घेतल्याशिवाय सोपवणं होत नाही. पवित्र शास्त्र घरातलं काही झाकत नाही. येशूच्या वंशावळीत, मत्तयाच्या पहिल्याच अध्यायात, दावीद राजाला शलमोन झाला तो "उरीयाच्या बायकोपासून", असं उघड लिहिलंय. आणि झाकलं की काय होतं तेही लिहिलंय. दुसरे शमुवेल १३ काढा. अम्नोनाने सावत्र बहिणीवर, तामारवर, बळजबरी केली. तिचा सख्खा भाऊ अबशालोम तिला म्हणाला, गप्प राहा, मनाला लावून घेऊ नको. बाप दावीद भयंकर संतापला आणि केलं काहीच नाही. दोन वर्षं घर वरून शांत. मग मेंढरांच्या लोकर कातरणीच्या जेवणात अम्नोनाचा खून, अबशालोम तीन वर्षं परागंदा, आणि पुढे बापाविरुद्धच बंड. दावीदाचा देवावर भरवसा नव्हता असं कोण म्हणेल? भरवसा होता, बाप म्हणून करायचं ते राहिलं.

निपाणीकर
कॅम्पकर, दावीद बरोबर, निष्कर्ष अर्धा. हल्ली सभेत कुणी रडलं की लगेच हातात नंबर देतात. समुपदेशक, वकील, अमकी योजना. हे सगळं तालुका ऑफिसातही मिळतं, बिनाप्रार्थनेचं. मग मंडळी (चर्च) कशाला? दुःखात बुडालेल्या ईयोबाचे मित्र सात दिवस सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर न बोलता बसले. तेवढंच त्यांनी धड केलं. तोंड उघडून कारणं आणि उपाय सांगायला लागले, आणि ४२व्या अध्यायात देवाचा राग कुणावर? त्यांच्यावर.

दुसरं असं की सगळं करूनही पोरगं सुधारत नाही अशी घरं आहेत. पौलानं देहातला काटा (त्याचा त्रास) काढ म्हणून देवाकडं तीनदा मागितलं, काटा निघाला नाही. तुमच्या हिशेबात त्या आईला जागा कुठं? तिला वाटत राहणार, आपलंच काहीतरी करायचं राहिलं.

नंदगड_रोड
काका, जवळ बसणं मान्य. खरं बाईच्या पाठीवर वळ असताना किती दिवस नुसतं बसायचं?

अबीगईल वाचा, पहिले शमुवेल २५. नवरा नाबाल, पैसेवाला आणि आडमुठा. त्याच्या तोंडामुळं दावीद चारशे माणसं घेऊन घर कापायला निघालाय. ती आधी चाकराचं नीट ऐकून घेते. मग दोनशे भाकरी, द्राक्षारसाचे दोन बुधले, रांधलेली पाच मेंढरं, पाच मापं भाजलेलं धान्य, मनुकांचे शंभर घड आणि अंजिरांच्या दोनशे ढेपा गाढवांवर लादते, आणि नवऱ्याला कळवत नाही. परत येते तर तो पिऊन तर्र. त्या रात्री थोडंही नाही, फारही नाही, काहीच बोलत नाही. सकाळी उतरल्यावर सांगते. प्यालेल्या माणसाशी रात्री हिशेब करायचा नाही, हे तिला कुणी शिकवावं लागलं नाही. आणि दावीद म्हणतो, तुला परमेश्वरानंच पाठवलं. म्हणजे तिनं केलेली तयारी आणि देवाचं पाठवणं या दोन वेगळ्या गोष्टी नव्हत्या.

अपराध करणाऱ्याला "आधी एकट्यानं जाऊन सांग" हे मत्तय १८ मधलं मारहाणीला लावू नका. एकटीनं जाऊन सांगणं हीच तिथं धोक्याची पायरी असते.

आम्हा कॅथलिकांत "लग्न मोडत नाही" एवढंच सगळ्यांना पाठ. चर्चच्या कायद्याचं कलम ११५३ बघा. जोडीदारामुळं तनाला किंवा मनाला गंभीर धोका असेल तर वेगळं राहायला ते रीतसर कारण आहे. एरवी बिशपांच्या हुकुमानं, आणि थांबण्यातच धोका असेल तर स्वतःच्या निर्णयानंही. वेगळं राहिल्यानं लग्न तुटत नाही. देशाच्या २००५च्या घरगुती हिंसाचाराच्या कायद्यातही घटस्फोट न मागता संरक्षण मागता येतं आणि घर बाईच्या नावावर नसलं तरी तिथं राहण्याचा हक्क असतो. महिला हेल्पलाइनचा फोन १८१. तालुक्यात महिला-बालकल्याणच्या ऑफिसात संरक्षण अधिकारी म्हणून बसतात त्यांना भेटायचं. कागद कन्नडात असेल तर वाचून मराठीत सांगायला लावायचं, न समजता अंगठा नाही.

चिकोडी_सिस्टर
दारूबद्दल एक गोष्ट आधी वाचा, बाकी वाद नंतर घाला.

रोज भरपूर पिणाऱ्याला शुक्रवारी संध्याकाळी तीन दिवसांच्या उपास-प्रार्थनेला आणून बसवतात. शेवटच्या घोटानंतर सहा-आठ तासांत हात थरथरायला लागतात, घाम, उलटी. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. साधारण दुसऱ्या ते चौथ्या दिवसात भ्रम: अंगावर किडे चालताना दिसतात, रिकाम्या कोपऱ्याशी बोलणं, ताप, वेळकाळ कळेनासा होणं. म्हणजे बरोबर रविवारी रात्री. आणि तिथं कुणीतरी म्हणतं, "बाहेर पडायलाय, धरून ठेवा." ते भूत नव्हे. दारू एकदम तुटल्यावर मेंदूचा ब्रेक निघतो, त्याचं ते लक्षण आहे, आणि यात माणूस जातो. त्यात उपास. पिणाऱ्याच्या अंगात बी-१ जीवनसत्त्व आधीच कमी असतं, म्हणून दवाखान्यात ग्लुकोज लावायच्या आधी ते देतात. उपाशी ठेवणं आणि मग एकदम साखरपाणी पाजणं, दोन्ही उलटं.

म्हणून बसवण्याआधी विचारा: रोज किती, शेवटचं किती वाजता, पूर्वी सोडताना फिट किंवा भ्रम झाला होता का, आणि साखर-लिव्हरचं काही आहे का. फिट-भ्रमाला "होय" आलं तर तिथं प्रार्थना गाडीत करायची, दवाखान्याच्या वाटेवर. धारवाडला सरकारी मानसिक आरोग्य संस्था आहे, डिमहान्स. फोनवर बोलायला टेली-मानस, १४४१६, दिवसरात्र, फुकट.

आणि दारू सोडवायला जेवणात गुपचूप कालवायची गोळी! डायसल्फिरामची गोळी पोटात असताना माणूस प्यायला तर चेहरा लाल, छाती धडधड, बीपी एकदम खाली. हृदय कमजोर असेल तर तिथंच संपतो. ती गोळी त्याला सांगून, त्याच्या संमतीनं, डॉक्टरच्या देखरेखीत घ्यायची असते. भाजीत घालायला मसाला नव्हे तो. "देवानंच मार्ग दाखवला" म्हणून ही गोळी वाटणाऱ्या बायका सभेत असतात, त्यांना थांबवा.

निपाणीकर
सिस्टर, उपासाआधी डॉक्टर, हे लिहून घेतलं. याकोबाच्या पत्रात वडिलांनी तेल लावून प्रार्थना करावी म्हटलंय, औषध नको असं म्हटलेलं नाही. येशूच्या गोष्टीतल्या शोमरोन्यानंही जखमी वाटसरूच्या जखमेवर तेल आणि द्राक्षारस ओतला, मग खाणावळवाल्याला दोन दीनार दिले.

खरं माझा मुद्दा तिथंच आहे. डिमहान्समधून माणूस पंधरा दिवसांनी घरी येतो. त्यानंतरची पंधरा वर्षं कुणाची? ती भरवशावरच काढायची असतात. कवी नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १८९५चा, त्यांच्या बायकोचा, लक्ष्मीबाईंचा, १९००चा. मधल्या पाच वर्षांना कुठली हेल्पलाइन पुरली असती?

नंदगड_रोड
ती पाच वर्षं लक्ष्मीबाईंनी काढली, काका. भरवसा ठेवायचं काम दरवेळी बायकोकडंच का येतं, त्यावर एकदा वेगळा धागा काढूया.

हिशेबनीस
कर्जावर कुणी बोलेना, म्हणून मी.

"देव पुरवील" म्हणत दुसरं कर्ज काढून पहिल्याचा हप्ता भरणं, हे आपल्याकडं विश्वासाच्या नावानं सर्रास चालतं. लूक १४ मध्ये बुरूज बांधणारा आधी बसून खर्च मोजतो. तसं बसायचं. एका वहीत प्रत्येक कर्ज एका ओळीत: कुणाचं, मुद्दल किती उरलं, व्याज, हप्ता आठवड्याचा की महिन्याचा, गटात जामीन कोण. सगळे हप्ते महिन्याचे करून बेरीज मारा. आठवड्याच्या हप्त्याला चारनं गुणतात तिथं चूक होते, वर्षात बावन्न आठवडे असतात. बावन्ननं गुणून बारानं भागा. रिझर्व्ह बँकेच्या मायक्रोफायनान्सच्या २०२२च्या नियमाप्रमाणे घरातल्या सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्यावर जाता कामा नयेत. जात असतील तर नवीन मायक्रोफायनान्स कर्ज देणाऱ्यानं नियम मोडलाय, हे तोंडावर सांगता येतं. मायक्रोफायनान्सच्या वसुलीवाल्यानं सकाळी ९च्या आधी आणि संध्याकाळी ६नंतर फोन करणंही त्यात बसत नाही. शिवाय जबरदस्तीच्या वसुलीविरुद्ध २०२५ साली कर्नाटकानं वेगळा वटहुकूम काढला.

आता न आवडणारं. अशा घरानं दशांश (देवाला द्यायचा कमाईचा दहावा भाग) आधी काढायचा की औषध? मार्क ७ वाचा. आईबापाला द्यायचं ते "कुर्बान", म्हणजे देवाला वाहिलेलं, असं म्हणून त्यांना उपाशी ठेवणाऱ्यांना येशू झाडतो. तिमथ्याला तर पौल लिहितो, जो घरच्यांची तरतूद करत नाही तो विश्वास न ठेवणाऱ्याहून वाईट. आधी घर.

हिडकल_डॅम
साफ चूक. गरीब विधवेनं देवळाच्या पेटीत दोन टोल्या (अगदी क्षुल्लक नाणी) टाकल्या तेव्हा येशू तिला "बाई, परत घे" म्हणाला नाही. गरिबाला देण्यातही मान असतो. "तू कर्जात आहेस, तुझं नको" म्हटलं की ती बाई पुढच्या रविवारी मागच्या बाकावर जाते, आणि त्यानंतर येतच नाही.

हिशेबनीस
मार्क १२:४२ सांगता, दोन ओळी वर ४० पण सांगा: विधवांची घरं गिळणारे आणि लांबलचक प्रार्थना करणारे शास्त्री. तिच्या टोल्या त्याच पेटीत पडल्यात. आणि पवित्र शास्त्रातल्या अनुवाद या पुस्तकाच्या १४व्या अध्यायाप्रमाणे दर तिसऱ्या वर्षाचा दशांश गावातल्याच लेवी (देवळाचे सेवक), परके, अनाथ आणि विधवा यांच्या जेवणासाठी होता. तो उलटा तिच्याकडं यायला हवा. मंडळीच्या वहीत "साहाय्य" असा रकाना आहे का ते आधी बघा.

हिडकल_डॅम
रकाना आहे, पैसे बांधकामाला जातात. हे तुमच्या बाजूचंच झालं म्हणा.

वडगाव_गल्ली
एक सरळ प्रश्न. भावानं खोट्या सहीनं जमीन लाटली. क्षमा केली. आता बापाच्या आजारपणाचा पैसा पुन्हा त्याच्याच हातात द्यायचा का? पाळक म्हणतात, क्षमा केली तर विसरायचं.

कॅम्पकर
योसेफ विसरला का? सतराव्या वर्षी भावांकडून चांदीच्या वीस तुकड्यांना विकला गेला, तिसाव्या वर्षी मिसरच्या राजापुढं, फारोपुढं, उभा राहिला, आणि भावांसमोर ओळख दिली ती साधारण एकोणचाळिसाव्या वर्षी. भाऊ पहिल्यांदा धान्याला आले तेव्हा गळ्यात पडला नाही. तीन दिवस कोठडीत ठेवलं, शिमोनाला अडकवून घेतलं, पैसे गुपचूप पोत्यांत परत टाकले, दुसऱ्या फेरीला धाकट्या बन्यामीनाच्या पोत्यात चांदीचा प्याला. त्याला एवढंच बघायचं होतं की धाकट्याला पुन्हा सोडून जातात का. ज्या यहूदानं विकायची कल्पना काढली तोच म्हणाला, त्याच्याऐवजी मला गुलाम ठेवा. तेव्हा योसेफ रडला आणि बोलला.

म्हणजे क्षमा आज, व्यवहार तपासून. बापाचा पैसा दोघांच्या सहीच्या खात्यात ठेवा, दवाखान्याचं बिल थेट दवाखान्याला, पावतीचा फोटो सगळ्या भावंडांना.

निपाणीकर
योसेफ परीक्षेआधीही रडला होता, ४२व्या अध्यायात, बाजूला जाऊन. शिमोनाला बांधायच्या आधी. म्हणजे मन आधीच वितळलं होतं. परीक्षा ही अट नव्हती. आणि शेवटी "तुम्ही वाईट योजलं, देवानं चांगलं योजलं" हे वाक्य योसेफाच्या तोंडी आहे, भावांच्या नाही. ज्यानं जमीन लाटली त्यानं "देवाचीच योजना होती" म्हणायचं नसतं. ज्याची गेली त्यानं म्हटलं तर म्हणावं, तेही त्याच्या वेळेनं.

दोन सह्यांचं खातं मात्र उघडा.

चिकोडी_सिस्टर
पहिल्या मुद्द्यावर परत. सभेत नाव घेऊन सांगायचं म्हणता, आणि रात्री नऊ वाजता तेच ग्रुपवर फिरतं: "अमक्या ताईच्या मिस्टरांसाठी जोरात प्रार्थना करा." सकाळी ते मिस्टर वाचतात. मार बसतो ताईला. मारहाण, गर्भ, एचआयव्ही, मुलाचं आत्महत्येचं बोलणं, या गोष्टी भर सभेत नकोत. एक बाई आणि पाळक, बस. ग्रुपवर अक्षर नाही. लेकराला धोका असेल तेव्हा मात्र "गुपित" म्हणून गप्प बसता येत नाही, चाइल्डलाइनला फोन करायचा, १०९८.

कॅम्पकर
हे मी मांडताना सुटलं होतं, मान्य. मग सभेत काय करायचं? मला वाटतं तक्रारीची स्तोत्रं मोठ्यानं वाचावीत. १३वं घ्या, सहाच ओव्या आहेत: आधी "कोठवर" असं चारदा विचारणं, मग मागणं, मग भरवसा. ज्याला आपलं सांगता येत नाही त्याला निदान त्या "कोठवर"मध्ये मनातल्या मनात आपलं नाव घालता येतं.

निपाणीकर
१३वं सोपं आहे, शेवटी गाणं येतं. ८८वं वाचा. त्यात वळण नाही, शेवट अंधारावरच होतो. सुधारलं नाही अशा घराची आई मागं बसलेली असते ना, ते तिचं आहे. आणि वाचून झाल्यावर लगेच भजन उचलू नका. पेटी दोन मिनिटं बंद ठेवा.

नंदगड_रोड
पेटीवाल्याला आधीच सांगून ठेवा. त्याचा हात थांबत नसतो.