मदत हवी आहे : पोटऱ्यांच्या वेदनांसाठी एप्सम मिठाचा शेक

दर रविवारी सिंहगड चढून आल्यावर माझ्या पोटऱ्या दोन दिवस दुखतात आणि रात्री झोपेत गोळे येतात. डॉक्टरांनी तपासून रक्तातील घटक व्यवस्थित असल्याचे सांगितले आहे. मला मधुमेह नाही आणि पायांवर जखमही नाही. ताण देण्याचे व्यायाम व पुरेसे पाणी पिणे चालू आहे.

घरी बाथटब नसल्यामुळे गुडघ्यापर्यंत पाय बुडतील अशा बादलीत, कोमट पाण्यात अर्धी वाटी एप्सम मीठ, म्हणजेच मॅग्नेशियम सल्फेट, घालून मी सलग दहा दिवस पंधरा मिनिटे पाय बुडवून ठेवले. बरे वाटले; परंतु नंतर तीन दिवस नुसते कोमट पाणी वापरले, तेव्हाही जवळजवळ तितकेच बरे वाटले, आणि येथेच माझा गोंधळ झाला आहे. सैंधव मीठ सुचवू नये ही विनंती, कारण ते मुख्यतः सोडियम क्लोराइड असते.

कृषी केंद्रात खत म्हणून मिळणारे मॅग्नेशियम सल्फेट बरेच स्वस्त आहे, पण त्याच्या शुद्धतेविषयी मला शंका वाटते. ते त्वचेसाठी चालेल का, आणि मिठाचे प्रमाण वाढवून कोणाचे रात्रीचे गोळे खरोखर कमी झाले आहेत का?