आवाज थांबले, पण आडून बोललेलं दादाला कळत नाही

सांगलीची_धाकटी:
दादाला स्किझोफ्रेनिया आहे. गोळ्या नियमित घेतो, कानातले आवाज जवळपास बंद झालेत. परवा मामी घामाघूम होऊन आल्या, म्हणाल्या, "काय उकडतंय गं बाई!" दादा पंख्याच्या बटणाला खेटून बसलेला. "हो ना," म्हणाला आणि बसूनच राहिला. उलट वहिनी फोनवर हसली, की "मलाच हसतेय" हे मात्र त्याला लगेच 'कळतं'! आई म्हणते आळशी झालाय. बुद्धी कमी झाली असेल का? डिप्लोमा फर्स्ट क्लासमध्ये काढलाय त्याने.

मानसतज्ज्ञ_सोलापूर:
आळस नाही, ताई. तुमच्या मामींचं वाक्य चाचणीत शोभेल असं आहे. १९९५ साली रिॲनन कॉरकोरन, क्रिस फ्रिथ वगैरे संशोधकांनी नेमकी अशीच वाक्यं देऊन "याला खरं काय म्हणायचंय?" असं विचारलं, या आजाराचे बरेच रुग्ण तिथे अडखळले. बंगळुरूच्या 'निम्हान्स' या मानसिक आरोग्य संस्थेने आपल्याकडचे प्रसंग घालून 'सॉक्रॅटिस' हा चाचणीसंच केलाय.
बुद्धीशी संबंध आहे, पण सगळा नाही. वाक्य डोक्यात धरून ठेवणं, लक्ष टिकवणं, मनात आलेला पहिला अर्थ बाजूला सारणं, हे कमी पडलं की दुसऱ्याच्या मनाचा अंदाज चुकतो. तरी बुद्ध्यांकाचा हिशेब वजा केल्यावरही फरक उरतोच. आवाज थांबल्यावरही उरतो. गोळ्या इथे फारशा पोचत नाहीत. वहिनींच्या हसण्याचं मात्र उलटं आहे: तिथे नसलेला हेतू दिसतो.

मी_स्वतः_पेशंट:
चौघं बोलत असले, की पहिल्याच्या वाक्याचा अर्थ मला लागेपर्यंत तिसरा हसून मोकळा. मग का हसले ते डोकं आपणच भरून काढतं, आणि बहुधा माझ्याविरुद्धच. साहेब म्हणाले, "बघा जमलं तर." मी बघितलं, जमलं नाही, सोडून दिलं. मेमो आला! आता घरात नियमच केलाय: टोमणा मारायचा तर आधी सांगून मारा.

सांगलीची_धाकटी:
हा नियम आमच्या आईला जड जाणार. यावर काही प्रशिक्षण असतं का?

मानसतज्ज्ञ_सोलापूर:
असतं. हॅम्बुर्गमध्ये तयार झालेलं 'मेटाकॉग्निटिव्ह ट्रेनिंग' नेटवर फुकट मिळतं. घाईने निष्कर्ष काढायची सवय त्यात धरतात: वहिनी हसली, आणखी कोणती कारणं असतील? दादाच्या डॉक्टरांना विचारून सुरू करा, गोळ्या चालूच ठेवून. आणि आईंना सांगा, काम हवं असेल तर नाव घेऊन, सरळ सांगायचं.